दादाला लिहून दिलेला तक्ता

आई, दादा पडला होता. मांडूला, एका जुन्या महालाच्या पायऱ्यांवरून, पर्यटकांना घेऊन वर चढत असताना. आता तो बरा आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही तू ऐकूनच घेणार नाहीस. मनगट मोडलं होतं ते जुळलं, कपाळाला टाके पडले होते तिथं पांढरी रेघ राहिली आहे. पण तो का पडला हे तुला कळायला हवं, आणि ते खरंखुरं सांगू शकेल अशी मी एकटीच आहे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. धारच्या मुलींच्या होस्टेलात साठ जणींचा स्वयंपाक तू एकटीनं अंगावर घेतलास, त्या वयाला मी आता पोचले आहे. मी देवासला असते, शाळेत शिकवते, हिंदीतून. घरात मराठी बोलायला नवरा आणि मुलगी, आणि मुलगी उत्तर हिंदीतच देते. मराठी लिहिणं तर जवळजवळ सुटलंच. गेल्या वर्षभरात मी मराठीत दोनच गोष्टी लिहिल्या. एक हे पत्र, आणि दुसरा दादाला दिलेला तक्ता.

मागच्या उन्हाळ्यात माझं वजन ब्याऐंशी किलो होतं. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. वर पोचले की मुलींकडे पाठ करून फळ्यावर हळूहळू तारीख लिहायची, दम जिरेपर्यंत. मग मोबाइलवर एक बाई सापडली. धान्य बंद, दूध बंद, साखर बंद, सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी, संध्याकाळी उकडलेली भाजी, चाळीस दिवस. तिचा चेहरा इतका तुकतुकीत होता की ती सांगेल ते खरंच असणार असं वाटायचं. मी सत्तर दिवस झाले तरी थांबले नाही, आणि अकरा किलो उतरले. स्टाफरूममध्ये ज्या बायकांनी दहा वर्षांत मला कधी काही विचारलं नव्हतं, त्या खुर्ची ओढून जवळ बसायला लागल्या. 'मॅडम, क्या खाती हो?' काय खात नाही तेच मी सांगायची, आणि सांगताना फार बरं वाटायचं. जे सांगत नव्हते ते असं, की फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात येत होता, आणि एकदा वर्गात एका मुलीनं डबा उघडला तेव्हा पराठ्याच्या वासानं मी तिच्यावर इतकी ओरडले की ती रडायला लागली. वर्ग गप्प झाला होता. मला वाटलं, ही शिस्त.

पितृपक्षात तुझ्या तिथीला मी धारला गेले. वहिनीनं पहाटेपासून राबून सगळं केलं होतं, खीर, पुऱ्या, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, तू करायचीस तशी कढी. मी पानावर बसले आणि काकडीच्या चार चकत्या खाल्ल्या. 'वन्सं, निदान आईंच्या नावाचा एक घास खिरीचा,' वहिनी म्हणाली. मी हात आडवा धरला. म्हटलं, 'नको वहिनी, माझं सगळं बंद आहे.' ती वाटी उचलून आत गेली. मला तेव्हा लाज वाटली नाही, आई. उलट आपण किती पक्के आहोत असं वाटलं.

दादा मात्र जेवणभर माझ्याकडे बघत होता. तो शंभराच्या पुढे गेला होता. साखरेच्या गोळ्या सुरू होऊन सहा वर्षं झालेली. जेवणं आटोपल्यावर मागच्या अंगणात येऊन मला म्हणाला, 'गेल्या महिन्यात एक कुटुंब आलं होतं. पायऱ्यांपाशी त्यांच्यातला मुलगा म्हणतो, अंकल, आप नीचे बैठो, हम देख के आते हैं.' पंचवीस वर्षं तो मांडू दाखवतो आहे. एकेक दगड त्याला पाठ आहे. ते लोक वर एकटेच गेले आणि हा खाली बसून राहिला. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? तर म्हणाला, 'काय म्हणणार! एक पोळी कमी करा, शेव सोडा, रात्री जेवून अर्धा तास चाला, सहा महिन्यांनी या. चार महिने केलं, दोन किलो उतरले. अशानं मी साठीला बारीक होईन. तू काय केलंस ते मला लिहून दे.' आणि मग हळूच, 'गोळ्यांचं काय करायचं?'

मी काय उत्तर दिलं ते ऐक. मी म्हटलं, 'गोळ्या चालू ठेव की, त्यांचा काय संबंध?' असं म्हणायला मी कोण होते? भूगोल शिकवणारी बाई. पण अकरा किलो उतरलेल्या माणसाला सगळं येतं असं लोक धरून चालतात, आणि थोड्या दिवसांनी ते माणूसही तसंच धरून चालतं. तो म्हणाला, 'तुझ्या वहिनीला सांगू नकोस, ती डॉक्टरकडे पळत जाईल.' मी वहीचं पान फाडून घेतलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. पोळी पूर्ण बंद. भात पूर्ण बंद. दूध, तूप बंद. 'पूर्ण' या शब्दाखाली रेघ मारली.

ती रेघ मारताना मला बरं वाटलं होतं. हे लिहायला मला तीन दिवस लागले, पण आता लिहिते. तू आम्हा दोघांना शेजारी शेजारी वाढायचीस. त्याच्या पानात तिसरी पोळी, चौथी पोळी, नको म्हणाला तरी वरून तूप, 'खा रे, उन्हातान्हाचं फिरतोस.' आणि माझं पान बघून, 'तुला पुरे आता, बेतानं घे, परक्या घरी जायचंय.' माझी भूक तू डोळ्यांनी मोजायचीस. तू होस्टेलात परक्या मुलींना पोटभर वाढून घरी यायचीस आणि माझ्या ताटाशी कंजूष व्हायचीस, हे मी तुला कधी बोलले नाही. चाळिशी उलटून गेल्यावर दादाच्या ताटातली पोळी काढायचा अधिकार मला मिळाला आणि मी तो वापरला. त्याचं भलं व्हावं असंही वाटत होतं, खोटं नाही. पण दोन्ही होतं.

आणि तू मला बजावलं नव्हतंस असंही नाही. सतरा वर्षांची होते मी. स्थळासाठी फोटो काढायचा ठरला होता, आणि मी आठ दिवस लिंबूपाण्यावर काढले. माझ्या वाटणीची पोळी शेजारच्या गाईला घालत होते. नवव्या दिवशी तू मला गोठ्याशी पकडलंस आणि हाताला धरून तशीच होस्टेलात नेलंस. मुली कांदे चिरत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तू मला थोबाडीत मारलीस. 'साठ पानं वाढते मी, आणि माझी पोर उपाशी?' तुझे हात कणकेचे होते, माझ्या गालाला कणीक लागली. मग चुलीजवळ पाट टाकून बसवलंस. दोन पोळ्या, भाजी, वरण. पुढे फोटोपर्यंत रोज त्याच वेळेला तिथंच. फोटोत माझे गाल भरलेले आले आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

बाबा गेल्यावर तू स्वतः केवढी जाड झाली होतीस, ते मला आठवतं. गुडघे धरून उठायचीस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन उतरवा. तू काहीच मोठं केलं नाहीस. टेंपो सोडलास आणि होस्टेलला चालत जायला लागलीस, जाताना आणि येताना. मुली सातला जेवायच्या, तू त्यांच्याबरोबर सातलाच आपलं पान वाढून घ्यायला लागलीस, सगळ्यात आधी, भुकेनं जीव जायच्या आत. दोन वर्षं लागली. चोळ्या दोनदा आत घ्याव्या लागल्या, एवढाच काय तो पुरावा. एका मुलीनं विचारलं, 'मौसी, कौनसी दवाई ली?' तू म्हणालीस, 'दवाई नहीं बेटा, भगोना पोंछ के खाना छोड़ दिया.' उरलेलं वाया जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं तू भांडी पुसून खात होतीस, ते सोडलंस. मी तेव्हा तिथं उभी होते. मला ते फार साधं, जरा गावंढळच वाटलं होतं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दादाचे आठ किलो तीन आठवड्यांत उतरले. रोज दुपारी मला फोन करायचा. वहिनीला त्यानं एवढंच सांगितलं होतं, की मोबाइलवर बघून रात्रीची पोळी सोडली आहे. दुपारचा डबा ती भरून देत होती, आणि तो डबा मांडूला गेल्यावर चौकीदाराला देऊन टाकत होता. हे मला माहीत होतं. तो मला हसत सांगायचा आणि मीही हसायची. एकदा म्हणाला, 'सकाळी हात कापतात गं, घाम येतो.' मी म्हटलं, 'माझंही झालं होतं, शरीरातलं विष निघतं.' ती मोबाइलवरची बाई असंच म्हणायची.

बाविसाव्या दिवशी, तिसऱ्या तासाला वहिनीचा फोन आला. 'वन्सं, हे पडले पायऱ्यांवरून. शुद्धीवर नाहीत. धारला आणताहेत.' मी वर्ग तसाच टाकून निघाले. नवरा कारखान्यात पाळीवर होता, म्हणून बस धरली. आणि बसमध्ये बसल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? वहिनीला फोन करून सांगायला हवं होतं, की डॉक्टरांना सांगा, बावीस दिवस याच्या पोटात धान्य नाही. ते मी केलं नाही. मी मोबाइलमधून दादाचं आणि माझं सगळं बोलणं पुसलं. एकेक करून. रसाचे फोटो, वजनकाट्याचे फोटो. इंदूर येईपर्यंत तेच करत होते. इंदूरला धारची बस लागलेलीच होती. खिडकीशी बसले, आणि मग माझेच हात कापायला लागले. मी सकाळपासून दुधीच्या रसावर होते.

दवाखान्यात दादा डोळे अर्धवट उघडे ठेवून पडला होता. कपाळाला पट्टी, हाताला फळी बांधलेली, दुसऱ्या हातात सलाईन. मला ओळखलं नाही. 'आइए, इधर से आइए,' म्हणत होता, 'सीढ़ी संभाल के, बच्चों का हाथ पकड़िए.' भिंतीकडे बोट दाखवून त्यानं कुठल्या तरी राजाचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच विसरला. पुन्हा पहिल्यापासून, 'आइए, इधर से आइए.' वहिनी पायाशी उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तरुण डॉक्टर होता. म्हणाला, साखर फार खाली गेली होती, गोळी घेतली आणि पोटात काही नाही. त्यानं विचारलं, 'खाना कब से बंद है?' वहिनी म्हणाली, 'रात को रोटी नहीं लेते, पर दिन का टिफिन तो ले जाते हैं.' डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. 'आपको कुछ पता है?'

मी म्हटलं, 'नहीं.'

एवढा एकच शब्द, आई. संध्याकाळपर्यंत साखर वर आली, मग पुन्हा उतरली. पुन्हा धावपळ, नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. मी बोलले असते तर दुसऱ्यांदा उतरली नसती का, हे मला माहीत नाही. आजपर्यंत कुणा डॉक्टरला विचारायचं धाडस झालेलं नाही. त्या बाकावर वहिनी आणि मी शेजारी बसलो होतो आणि आमच्यामध्ये तिची पिशवी होती, दादाचे कपडे घातलेली. तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला. डॉक्टरनं विचारलं, 'किसने बताया था ये सब?' दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'मोबाइल में देखा था, साब.' डॉक्टर चिडला. म्हणाला, गोळी चालू असताना जेवण तोडायचं नसतं, आधी विचारायला यायचं असतं, आम्ही गोळी कमी करून देतो. 'और जल्दी किस बात की थी?' दादा म्हणाला, 'ऊपर चढ़ना था.'

मी देवासला परत आले आणि दुसऱ्या दिवशी भात खाल्ला. मग खातच राहिले. शेव, पोहे, जिलबी, शाळेतून येताना कचोरी. अकरातले सात किलो संक्रांतीपर्यंत परत आले. स्टाफरूममधल्या बायकांनी खुर्च्या परत आपल्या जागी नेल्या.

दिवाळीला धारला गेले, बोलले नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरवूनच गेले. दादा मांडूला गेला होता, जुळलेल्या हातानं, खालच्या खालचे महाल दाखवायला. वहिनी ओसरीत गहू निवडत बसली होती. मी समोर बसले आणि थोडे गहू माझ्याकडे ओढले.

'वहिनी, दादाला तो तक्ता मी लिहून दिला होता.'

तिचे हात थांबले नाहीत. 'ठाऊक आहे.'

ती उठून आत गेली आणि चौघडी घातलेला कागद आणून तिनं माझ्यापुढे ठेवला. एका कडेला रक्ताचा तपकिरी डाग होता. 'यांच्या शर्टाच्या खिशात होता. पहिल्याच दिवशी दवाखान्यात कपडे हातात दिले तेव्हा मिळाला. यांना मराठी धड लिहिता येत नाही, पोरांना वाचता येत नाही. पोळी पूर्ण बंद, असं मराठीत लिहिणारं दुसरं आहे कोण?'

'मग तुम्ही बोलला का नाहीत?'

'तुमची वाट बघत होते.' तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. 'डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कागद पिशवीतच होता, मी अजून बघितला नव्हता. तुम्हाला मात्र माहीत होतं. बाकावर बसल्यावर बघितला. मग आत जाऊन मीच डॉक्टरांना दाखवला, एकेक ओळ हिंदीत वाचून. तुम्ही तोंड धुवायला गेला होतात. मग वाटलं, आता सांगतील. घरी आल्यावर सांगतील. दिवाळीला सांगतील.' तिचा आवाज चढला नाही. 'तक्त्याचा राग नाही, वन्सं. तुम्हाला काय कळतंय गोळ्यांचं. मलाही नाही कळत. पण माणूस तिथं पडलेला होता आणि डॉक्टर विचारत होते.'

मी रडले. तिनं मला रडू दिलं, जवळ आली नाही. गहू निवडून झाल्यावर उठली आणि दोन पानं वाढली. दोन पोळ्या, मेथीची भाजी, वरण, दादासाठी ठरवून दिलं आहे तेवढंच आणि तेच सगळ्यांसाठी. 'जेवा,' म्हणाली. मी जेवले. निघताना तिनं दर वेळेसारखं कुंकू लावलं. पण तेव्हापासून आपणहून तिचा फोन येत नाही. मी केला की बोलते, पाहुण्याशी बोलावं तसं, सगळ्यांची चौकशी करत. ही अढी कधी सुटेल की नाही, माहीत नाही.

दादाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं की वहिनीला सगळं ठाऊक आहे. तो म्हणाला, 'मग तिनं मला का नाही सांगितलं?' मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडेही गेले. पुन्हा तेच सांगितलं त्यांनी, एक पोळी कमी, शेव नको, चाला, महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ, आणि या वेळी गोळीची मात्रा बघून बदलून दिली. मलाही तेच सांगितलं. आता रोज सकाळी सहाला दादा धारला चालतो आणि मी देवासला, टेकडीच्या रस्त्यानं, आणि चालताना फोनवर बोलतो. त्याचे साडेचार किलो उतरले आहेत. माझे दोन. गेल्या आठवड्यात तो एका महालाच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढला, दोनदा बसून. सगळं इतकं हळू चाललं आहे की मला कधीकधी धीर राहत नाही. त्या बाईचा व्हिडिओ अजून समोर येतो. आता ती एकवीस दिवसांचं काहीतरी सांगते. परवा मी तो शेवटपर्यंत बघितला.

हे पत्र वहिनीला वाचून दाखवावं असं मनात होतं. पण तुझ्यावरचा राग यात लिहून बसले आहे, आणि तो तिनं ऐकावा असं वाटत नाही. तेव्हा वहीतच राहू दे. आणखी एक आहे, तेवढं सांगते. काल सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी अंथरुणातच होते. त्यानं विचारलं, 'कुठवर पोचलीस?' मी थोडा दम लागल्यासारखं करून म्हटलं, 'चढावर आहे.' त्याला अजून सांगितलेलं नाही.